स्पीकर पारखताना कोणतं गाणं लावावं?

स्पीकर घ्यायला जाताना गाणी आपली न्यावीत, दुकानातली ऐकून निर्णय घेऊ नये. नाशिकात कॉलेज रोडला जा नाहीतर एमजी रोडला, दुकानदार जे लावतो ते हमखास दणका देणारं असतं. एखादं नवं सिनेगीत, इलेक्ट्रॉनिक ठेका, आणि गणपती जवळ आले असतील तर नाशिक ढोल. छातीत धडधडतं, गिऱ्हाईक खूश होतं. यात दुकानदाराची लबाडी आहे असं मी म्हणत नाही. ही गाणी मोबाइलपासून मांडवातल्या स्पीकरांच्या भिंतीपर्यंत कुठेही बरी वाजावीत अशा बेतानेच तयार केलेली असतात. म्हणूनच त्यांच्यावरून चांगला स्पीकर कोणता आणि सुमार कोणता हे कळत नाही.

नाशिक ढोलाचंच बघा. मिरवणुकीत पथकाच्या शेजारून चाललेल्या माणसाला ढोलाचा खालचा ठोका आणि ताशाची कडकडीत तर्री कशी असते हे पक्कं माहीत असतं. तेव्हा याहून चांगली कसोटी कुठली, असं वाटेल. पण या ढोलाची जी ध्वनिमुद्रणं फिरतात ती बहुतेक रस्त्यावर फोनवर केलेली. फोन मोठा आवाज आला की आपणहून पातळी खाली ओढतो. ढोलाच्या ठोक्याचा माथा छाटला जातो, त्यामागून येणारा ताशा दबतो, आणि पातळी पुन्हा वर येईपर्यंत पुढचा ठोका पडलेला असतो. स्पीकरमधून जे ऐकू येतं ते फोनचं अपुरेपण. तेव्हा कसोटीच्या ध्वनिमुद्रणाला दोन अटी लागतात: त्यातला मूळ आवाज समोरासमोर कसा असतो हे आपल्या कानाला ठाऊक हवं, आणि मुद्रण करतानाच तो बिघडलेला नसावा.

पहिली अट सहज विसरली जाते. कॅनडातल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हरमन कंपनीत आयुष्यभर स्पीकरांचा अभ्यास केलेले फ्लॉइड टूल या गुंत्याला ‘गोंधळाचं वर्तुळ’ म्हणतात. स्टुडिओतला माणूस कुठल्यातरी स्पीकरवर ऐकत गाण्याचा आवाज बसवतो. त्याचा स्पीकर खालच्या सुरांत कमी पडत असेल तर तो ते सूर वाढवून ठेवतो. मग आपण ते गाणं लावून आपला स्पीकर पारखतो. गाणं स्पीकरवरून ठरलेलं आणि स्पीकर गाण्यावरून ठरणारा! या वर्तुळातून बाहेर पडायला बाहेरचं काहीतरी धरावं लागतं. ते म्हणजे प्रत्यक्ष कानाने ऐकलेला, मधे माइक आणि तार नसलेला आवाज. इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या गाण्यात असं धरायला काहीच नसतं. तो आवाज खरा कसा होता हे त्याच्या कर्त्यालाही स्पीकरशिवाय सांगता येणार नाही.

आपल्याला सगळ्यांत जास्त ओळखीचा आवाज माणसाच्या बोलण्याचा. बीबीसीच्या अभियंत्यांनी आपले स्पीकर घडवताना बोलण्यावर फार भर दिला. ओळखीच्या माणसाचा प्रत्यक्ष आवाज आणि स्पीकरमधून येणारा त्याचाच आवाज ते ताडून पाहत. त्यांच्या बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी 1970 च्या दशकात तयार झालेला एलएस 3/5ए हा चिमुकला स्पीकर आजही लोक जपून ठेवतात, तो त्यातल्या बोलण्याच्या खरेपणासाठी.

मराठी घरात यासाठी दूर जायला नको. पु. ल. देशपांड्यांच्या कथाकथनाची ध्वनिमुद्रणं आहेत. ‘म्हैस’ घ्या किंवा ‘अंतू बर्वा’, दोन मिनिटं पुरतात. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण 85 ते 180 हर्ट्झच्या दरम्यान असतो. लहान स्पीकर भारदस्त वाटावा म्हणून नेमका हाच पट्टा पुष्कळदा फुगवलेला असतो. गाण्यात ते छान वाटतं, पण पु.लं.चा आवाज रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा आला की फुगवटा पकडला गेलाच. याउलट हा पट्टा तुटका असेल तर छातीतला आवाज जातो आणि उरतो तो नाकातला. मधूनमधून येणारा प्रेक्षकांचा हशाही ऐकावा. माणसं वेगवेगळी हसताहेत असं वाटायला हवं. नुसता एक ‘खस्स’ असा लोट येत असेल तर वरच्या सुरांत गडबड आहे.

मराठीची आणखी एक सोय आहे. आपल्याकडे च दोन तऱ्हेने उच्चारला जातो. ‘चाक’, ‘चूल’, ‘चव’ यांतला च दातांशी घासून येतो, ‘चार’, ‘चहा’ यांतला टाळूशी. पहिल्यात स सारखी घर्षणाची किनार असते आणि तिचा जोर साधारण 5,000 हर्ट्झच्या वर असतो. दुसऱ्याची किनार श सारखी, तिचा जोर त्याच्या बऱ्याच खाली. स्पीकरमधला वरचे सूर वाजवणारा भाग, म्हणजे ट्वीटर, जिथे एखाद्या पट्ट्यात उसळतो किंवा खचतो, तिथे हे दोन च एकमेकांजवळ सरकतात आणि स ला शिट्टी फुटते. घरातल्या कुणाला तरी मोकळ्या मैदानात, भिंतींपासून लांब उभं करून, असे शब्द असलेली चार वाक्यं फोनवर रेकॉर्ड करून घ्यावीत. बोलण्याचा आवाज ढोलाइतका मोठा नसतो, त्यामुळे फोन पातळीशी फारसा खेळत नाही. फोनच्या माइकचा स्वतःचा रंग त्यात उतरतो, पण दोन स्पीकरांची तुलना करताना तो दोन्हीकडे सारखाच असतो. आईचा आवाज कुठल्या जोडीवर आईचा वाटतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

बोलण्यानंतर मी तानपुऱ्याकडे वळतो, आणि इथे जरा रेंगाळणार आहे, कारण स्पीकर तपासायला इतकं सोयीचं वाद्य जगात क्वचितच असेल.

काळी एकच्या पट्टीत लावलेला पुरुषी तानपुरा घ्या. पहिली तार पंचमाची, सुमारे 104 हर्ट्झ. मधल्या जोडाच्या दोन्ही तारा षड्जाच्या, सुमारे 139 हर्ट्झ. शेवटचा खर्ज त्याच्या निम्म्यावर, 69 हर्ट्झच्या आसपास. घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा सरकवून नेमका बसला की तार एकदम खुलते आणि एका सुरातून वरच्या सुरांची, म्हणजे उपस्वरांची, रांग उठते. सी. व्ही. रामन यांनी कलकत्त्याला 1920 च्या सुमारास याचा अभ्यास केला. साध्या तारेचा नियम असा, की ज्या बिंदूवर तार छेडली तिथे ज्या उपस्वरांची गाठ (न हलणारा बिंदू) पडते ते उपस्वर उमटत नाहीत. तानपुऱ्यात मात्र उमटायला नकोत असे उपस्वरही जोरात ऐकू येतात, असं रामन यांना आढळलं. कारण ती रुंद, किंचित बाक असलेली घोडी. कंप पावणारी तार तिच्या पृष्ठभागाला सतत घासत राहते आणि ऊर्जा खालच्या सुरातून वरच्या उपस्वरांत ढकलत राहते. खर्जाचा पाचवा उपस्वर म्हणजे 346 हर्ट्झच्या आसपासचा गंधार. कुणी न लावता आपोआप उमटणाऱ्या या सुराला गवई स्वयंभू गंधार म्हणतात.

स्पीकर तपासायला हे सोयीचं अशासाठी, की प्रत्येक तार छेडली की उपस्वरांची ही रांग उजळत आणि विझत जाते आणि शेकडो हर्ट्झपासून हजारोंपर्यंतचा पट्टा सलग तपासला जातो. स्पीकर सपाट असेल तर हा प्रवास अखंड वाटतो. एखाद्या ठिकाणी तो ठणकत असेल तर पंचमाच्या तारेला, जोडाला आणि खर्जाला, तिन्हींच्या वेळी त्याच एका जागेचा उपस्वर पुढे येतो. तारा वेगळ्या, सूर वेगळे, आणि ठणका मात्र एकाच जागी! तो तानपुऱ्याचा असूच शकत नाही. हा दोष सिनेगीतात तासभर ऐकूनही सापडत नाही.

खर्ज मात्र फसवतो. फोनच्या स्पीकरला 69 हर्ट्झ वाजवता येतच नाही, तरी त्यावर खर्ज ऐकू येतो. त्याचे वरचे उपस्वर हजर असतात आणि त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून मेंदू गैरहजर मूळ सूर जुळवून घेतो. म्हणून ‘खर्ज ऐकू येतो का’ असं विचारू नये, भोपळ्याचं अंग जाणवतं का ते पाहावं. सूर कळणं आणि अंग जाणवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्याने एकदा तरी तानपुरा खांद्याला टेकवला आहे त्याला त्यातला फरक विचारावाही लागत नाही.

यासाठी ध्वनिमुद्रण कुठलं? भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, कुमार गंधर्व, डागर बंधू, ज्यांचं गाणं तुम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलात त्यांचं घ्या, पण आलापाची सुरुवात असलेलं आणि तानपुरे मागे पुसट न ठेवलेलं. जुन्या एलपींत तानपुरा पुष्कळदा नुसता धुरकट मागे असतो. सीडीच्या काळात तो पुढे आला. म्युझिक टुडेची प्रहरांनुसार काढलेली ‘मॉर्निंग टू मिडनाइट रागाज’ ही मालिका याच काळातली, आणि ती पुष्कळ घरांत अजून असेल. इलेक्ट्रॉनिक तानपुरा रियाजाला सोयीचा असला तरी या कामाला नको. त्यात तोच तुकडा फिरत राहतो, आणि भोपळ्याच्या जागी आधीच एक लहानसा स्पीकर बसलेला असतो.

तबल्याचा प्रश्न वेगळा. तानपुऱ्यात स्पीकरचा रंग कळतो, तबल्यात त्याचा संयम. चामड्याच्या गोल पडद्याचे उपस्वर एरवी बेसूर, वेडेवाकडे असतात. शाईचा थर बसला की ते तारेच्या उपस्वरांसारखे एक, दोन, तीन, चार अशा प्रमाणात येतात. हेही रामन यांनीच 1920 मध्ये शिवकाली कुमार यांच्यासोबत मांडलं. म्हणून तबला सुरात लागतो. चाटीवरचा ‘ना’ टणत्कार करून थांबायला हवा, आणि द्रुत लयीत ‘तिरकिट’चा प्रत्येक बोल सुटा मोजता यायला हवा. डग्ग्यावर मनगट दाबत घेतलेल्या मिंडीत सूर खालून वर सरकतो. हा सरकता सूर लहान स्पीकरांची फार कडक परीक्षा घेतो. त्यांच्या पेटीला पुष्कळदा मागे किंवा पुढे एक भोक असतं. ते एका ठराविक सुराला आवाज वाढवतं आणि त्याच्या खाली एकदम साथ सोडतं. मग मींड सरळ चढत नाही, मधेच फुगते. एकल तबलावादनाची कुठलीही नीट मुद्रित केलेली पाच मिनिटं हे दाखवून देतात.

आता नाशिकच्या एका गवयाकडे येतो. दत्तात्रेय विष्णू ऊर्फ बापूराव पलुस्कर, म्हणजे विष्णु दिगंबरांचे चिरंजीव, 1921 मध्ये नाशिकमध्ये जन्मले. वडिलांनी इथेच राम नाम आधार आश्रम काढला होता. मुलगा दहा वर्षांचा असताना, 1931 मध्ये, वडील गेले. पुढची तालीम विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे झाली. बापूरावांची पहिली ध्वनिमुद्रिका 1944 ची आणि निधन 1955 चं, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी. म्हणजे त्यांचं जे काही गाणं उरलं आहे ते सगळं स्टीरिओ तबकडी बाजारात येण्याआधीचं, एकमार्गी (मोनो), आणि त्यातलं बरंचसं 78 फेऱ्यांच्या तबकडीवरचं, साडेतीन मिनिटांच्या आत बसवलेलं. इतकं जुनं, खरखरीचं मुद्रण स्पीकर तपासायला कशाला, असं कुणीही विचारेल. मी ते आवर्जून नेतो.

एकमार्गी मुद्रणात डाव्या आणि उजव्या स्पीकरला अगदी तेच जातं. दोन्ही स्पीकर खरोखर जुळे असतील आणि तुम्ही दोघांपासून सारख्या अंतरावर बसला असाल, तर बापूरावांचा आवाज दोन्ही पेट्या सोडून मधल्या रिकाम्या जागेत उभा राहतो. तो एका बाजूला कलत असेल तर जोडी जुळलेली नाही किंवा एक पेटी भिंतीला चिकटलेली आहे. तान वर जाताना आवाज एका बाजूला सरकत असेल तर दोन ट्वीटरांत फरक आहे. आणि आवाजाला कुठे जागाच सापडत नसेल, डोक्याभोवती पसरून तो पातळ झाला असेल, तर उठून मागच्या तारा बघाव्यात: एका स्पीकरची लाल आणि काळी तार उलटी लागलेली असण्याची दाट शक्यता असते. स्टीरिओ मुद्रणात हा घोळ महिनोन्महिने लक्षात येत नाही, एकमार्गी मुद्रणात मिनिटभरात येतो.

एकमार्गी ऐकण्याचा आणखी एक फायदा टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांच्या प्रयोगांतून पुढे आला. दोन स्पीकरांपेक्षा एकाच स्पीकरवर ऐकताना माणसांना दोष अधिक नेमके ओळखता येतात. दोन स्पीकर लागले की मोकळेपणाचा एक आनंद मिळतो आणि त्याखाली उणिवा झाकल्या जातात. म्हणून दुकानात एक पेटी बंद करायला सांगावी. दुकानदाराला नवल वाटेल, वाटू द्यावं.

मग ती खरखर. तबकडीचा पृष्ठभाग घासल्याचा तो आवाज वरच्या सुरांत पसरलेला असतो. चांगल्या स्पीकरवर तो गाण्याच्या मागे एका थरासारखा राहतो आणि कान थोड्या वेळात त्याला सोडून देतो. ज्या स्पीकरचा वरचा पट्टा चढवलेला असतो, तिथे खरखर सुटून ट्वीटरला चिकटते आणि गाण्याच्या अंगावर येते. अशा स्पीकरला विक्रेते ‘क्लिअर’ म्हणतात. आपण फसू नये.

पलुस्करांचंच, पण थोडं वेगळं, एक मुद्रण या कामाला अमोल आहे: ‘बैजू बावरा’ (1952) मधली त्यांची आणि उस्ताद अमीर खाँ यांची जुगलबंदी, नौशाद यांच्या संगीतातली. डावं-उजवं असा भेद करायला मुद्रणात काही नाही, दोन्ही गळे एकाच जागेतून येतात. त्यांना वेगळं ठेवतो तो फक्त आवाजाचा पोत: अमीर खाँ साहेबांचा रुंद, खालच्या अंगाचा, पलुस्करांचा हलका, स्वच्छ, पुढे येणारा. मधले सूर नीट वाजवणाऱ्या स्पीकरवर तानांच्या गर्दीतही कोण गातंय हे क्षणभरही विचारावं लागत नाही. बहुतेक दोन-मार्गी स्पीकरांत (म्हणजे ज्यांत खालच्या सुरांना वूफर आणि वरच्यांना ट्वीटर असतो) 2,000 ते 3,000 हर्ट्झच्या दरम्यान वूफर काम सोडतो आणि ट्वीटर उचलतो. गळ्याची ओळख पटवणारे उपस्वर याच सीमेवर असतात. तिथे सांधा नीट नसला की दोन गळे एकमेकांसारखे होऊ लागतात.

मात्र जुन्या तबकड्यांकडून नको ते मागू नये. 1925 पूर्वी भोंग्यात गाऊन केलेल्या मुद्रणात साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झ एवढंच सापडतं. माइक आल्यावर वरची हद्द सुरुवातीला 5,000 च्या घरात गेली आणि पुढे वाढत राहिली. 78 च्या तबकडीवरचा डग्गा ऐकून वूफरला बोल लावणं म्हणजे अन्यायच. शिवाय जुन्या गाण्यांच्या ‘सुधारलेल्या’ आवृत्त्या फार फिरतात. कुणी खरखर काढताना तिच्यासोबत गळ्याची वरची किनारही खरवडून टाकतं, कुणी प्रतिध्वनी चढवतं, कुणी एकमार्गी गाण्याला ओढूनताणून स्टीरिओ करतं. अशी आवृत्ती लावली तर वर सांगितलेली एकही परीक्षा लागू पडत नाही. खरखरीसकट असलेली शोधावी.

इथवर वाचून असं वाटेल की सुटा गळा आणि सुटं वाद्य यातच सगळं आलं. तसं नाही, आणि याबाबत प्रयोगांचा निष्कर्ष माझ्या आवडीच्या उलट जातो. ऑलिव्ह यांनी ऐकणाऱ्यांना स्पीकरमधले बारीक फेरफार ओळखायला लावले, तेव्हा फरक सर्वांत चांगला पकडला गेला तो पिंक नॉइजवर, म्हणजे प्रत्येक सप्तकात सारखीच ऊर्जा असलेल्या सपाट खळखळाटावर. गाण्यांत ट्रेसी चॅपमनचं ‘फास्ट कार’ (1988) वरच्या क्रमांकाला होतं. सुटं बोलणं आणि एकेकटं वाद्य खाली राहिलं. कारण सरळ आहे: सुट्या आवाजात सगळे सूर एका वेळी हजर नसतात, दोष नेमका मोकळ्या जागेत असेल तर तो दिसतच नाही. म्हणून भरगच्च असं एक तरी गाणं जवळ हवंच. मी ‘सैराट’ (2016) घेतो. अजय-अतुल यांनी त्याचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित केला. त्यात खरे व्हायोलिनांचे ताफे आहेत, पितळी वाद्यं आहेत आणि आपला गावरान ठेकाही आहे. ताफ्यातली व्हायोलिनं भरात आली की ती तारांची वाटताहेत का, की सगळं मिळून एक झिलई झाली आहे, हे ऐकावं. दोष आहे हे भरगच्च गाणं सांगतं. तो कुठे आहे आणि आपल्याला चालेल का, हे सुट्या गळ्यावर ठरवावं.

या दोन टोकांच्या मधे ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (1967). शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. एचएमव्हीच्या मुंबई शाखेत जी. एन. जोशी यांनी, म्हणजे आपल्या भावगीतवाल्या गोविंदराव जोशींनी, ते घडवलं. संतूरावर कलम पडतानाची टिचकी आणि तिच्या मागचा तारांचा झंकार हे दोन वेगळे ऐकू यावेत. बासरीत सुराच्या आधी ओठांवरची फुंकर यावी, पण फुंकरीने सुराला झाकू नये. आणि हे तपासताना गाणं सीडीवरून किंवा न दाबलेल्या फाइलवरून लावावं. कमी दर्जाच्या एमपी3 मध्ये संतूराची टिचकी आणि भजनातल्या टाळांचा झंकार हे सर्वांत आधी विरघळतात. ब्लूटूथने जोडलेल्या स्पीकरलाही हीच अडचण येते.

आता खोली, जिचा आवाज स्पीकरच्या आवाजाइतकाच मोठा असतो. ध्वनी 20 अंश तापमानाला सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. दोन समोरासमोरच्या भिंतींत ज्या लहरीची अर्धी लांबी बरोबर बसते तो सूर त्या खोलीत घुमतो. गंगापूर रोडच्या किंवा पाथर्डी फाट्याच्या एखाद्या नव्या फ्लॅटचा हॉल धरा: 10 फूट रुंद, 20 फूट लांब, उंची 10 फुटांच्या आसपास. रुंदीचा घुमणारा सूर 56 हर्ट्झ, उंचीचाही तोच, आणि लांबीचा 28 हर्ट्झ, ज्याची दुप्पट पुन्हा 56. तिन्ही दिशा एकाच सुरावर जोर लावतात. अशा हॉलमध्ये कुठलाही मोठा वूफर आणून ठेवा, डग्गा एका सुराला भिंत हादरवेल आणि शेजारच्या सुराला गायब होईल. फोनवर टोन जनरेटरचं ॲप घेऊन 40 पासून 120 हर्ट्झपर्यंत हळूहळू सूर चढवत न्यावा आणि खोलीभर फिरावं. भिंतीशी फुगणारा आणि मधोमध विरणारा सूर असा ऐकू येतो की पुन्हा विसरायला होत नाही. पेटी कोपऱ्यातून दोन फूट पुढे आणणं आणि बसायची जागा भिंतीपासून सोडवणं यात जेवढं साधतं तेवढं दुप्पट किमतीच्या स्पीकरनेही साधत नाही.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत हा त्रास कमी. लाकडी तक्तपोशी खालचे सूर थोडे पिते, जाड मातीच्या भिंती, कोनाडे, कपाटं यांनी लहर सरळ परत येत नाही. नव्या घरात फरशी गुळगुळीत, भिंती सपाट, काच मोठी. एकदा टाळी वाजवून पाहावी. मागून बारीक किणकिणाट आला तर समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एकीवर पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा हवा. पातळ सतरंजीने फक्त वरचे सूर मंदावतात, 56 हर्ट्झला ती दिसतही नाही.

दोन स्पीकर ताडून पाहताना दोघांची पातळी सारखी करणं अगत्याचं आहे. एक डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर मोठा वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. एडिसनने 1915 पासून अमेरिकेत जाहीर प्रयोग केले होते: रंगमंचावर गायिका आणि तिच्या शेजारी फोनोग्राफ, दिवे मालवले जात आणि कोण गातंय ते लोकांना ओळखता येत नसे. त्यांतल्या ॲना केस यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं की आपण आवाज यंत्राच्या बेताने दाबून लावत होतो. पातळी जुळली की कान किती उदार होतो, याचा हा पुरावाच. शिवाय ऐकण्याची पातळीही घरातली हवी. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवलं की आवाज लहान केला की खालचे सूर कानाला इतरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. दुकानात दणक्यात ऐकलेला बेस रात्री साडेनऊला, शेजारच्यांना त्रास होऊ नये एवढ्या आवाजात, तसाच येईल अशी अपेक्षा धरू नये. रात्रीच्याच पातळीवर दुकानात ऐकून घ्यावं.

आणि शेवटी एक लांब ऐकणं ठेवावं. वर सांगितलेले तुकडे दोन-दोन मिनिटांचे आहेत, त्यांनी दोष सापडतात. पण वरचा पट्टा किंचित चढवलेला स्पीकर दोन मिनिटांत लखलखीत वाटतो आणि त्याचा त्रास अर्ध्या तासाने सुरू होतो. म्हणून आपल्या आवडीचा एक बडा ख्याल, विलंबितपासून द्रुतपर्यंत, काही न तपासता, नुसता ऐकावा. मधेच हात आवाज कमी करायला गेला, किंवा गाणं छान असूनही संपायची वाट पाहिली गेली, तर ती जोडी तिथेच ठेवावी आणि शेजारच्या जोडीवर तोच ख्याल पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगावा.